गाय दूध चांगलं देते, पण सारखी उलटते? डॉक्टरांना बोलावण्याआधी गव्हाणीपासून करायच्या तपासण्या

वीस-बावीस लिटर दुधाची गाय, दिसायला धडधाकट, ताप नाही, कासेला काही नाही. तरी तीनदा भरवली (कृत्रिम रेतन केलं) आणि तीनदा उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. आता चौथी कांडी (रेताची नळी) भरायची की लोणीच्या जनावरांच्या बाजाराचा रस्ता दाखवायचा, असं कुणी ना कुणी मला महिन्यातून दोन-तीनदा विचारतंच. आमचा गोठा सिन्नर तालुक्यात, वावीच्या बाजूला. अकरा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई आहेत, त्यांतल्या सात-आठ कायम दुधात असतात. वैरणपाणी, धारा आणि माजावर लक्ष ठेवणं ही सगळी कामं माझ्याकडे. हा त्रास आमच्या गोठ्यात चार वेळा येऊन गेला आणि शेजारच्या कितीतरी गोठ्यांत मी तो जवळून पाहिला. थोडी गडबड वेळेची असायची, क्वचित गर्भाशयाची, पण बहुतेकदा मूळ खाण्यातच सापडलं. आणि तेही आजच्या खाण्यात नव्हे, दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या.

ज्या क्रमाने मी तपासते त्याच क्रमाने लिहिते. आधी फुकटातलं, मग थोड्या पैशांचं आणि शेवटी खर्चाचं.

आधी लक्षण ओळखा

"गाय गाभण राहत नाही" म्हणताना लोक चार वेगवेगळ्या गोष्टी सांगत असतात.

पहिली: गाय माजावरच येत नाही. व्याल्याला साठ-सत्तर दिवस झाले तरी वहीत एकही माज नाही.

दुसरी: माज १८ ते २४ दिवसांनी नियमित येतो, सोट (माजात योनीतून येणारा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ असतो, भरवल्यावर तीन आठवड्यांनी गाय पुन्हा माजावर. तीन किंवा जास्त वेळा असं झालं की तिला उलटणारी गाय म्हणायचं. खाण्याचा दोष सगळ्यात जास्त इथेच लपतो.

तिसरी: भरवल्यावर ३० ते ४५ दिवसांनी उलटते. एक तर मधला माज आपल्या नजरेतून सुटला किंवा गर्भ राहिला आणि नंतर गेला.

चौथी: सोट गढूळ, त्यात पांढरे कण किंवा पू, वास येतो. ही गाय असेल तर पुढचं वाचायच्या आधी डॉक्टरांना फोन करा. गर्भाशयात जंतुसंसर्ग असताना पेंड बदलून काही होत नाही, आणि अशा माजावर भरवणं म्हणजे कांडी वाया घालवणं.

जोडीला ही लक्षणंही बघा: व्याल्यानंतर महिन्याभरात खुबे वर आले, अंगावर तकाकी नाही, भिंत चाटते, माती खाते, दोर चघळते, शेण कधी पातळ तर कधी गोळ्या, माज जेमतेम पाच-सहा तास टिकतो. यातली दोन-तीन एकदम दिसली की मी खुराकाचा हिशेब मांडायला बसते.

जास्त दुधाच्या गाईलाच हे का होतं

हे नीट कळलं की खालच्या तपासण्या आपोआप समजतात. गाय व्याल्यावर दूध सहा ते आठ आठवड्यांत शिखरावर जातं. भूक मात्र पूर्ण उघडायला दहा-बारा आठवडे लागतात. मधल्या काळात जितकं दूध काढतो तितकं तिच्या पोटात जातच नाही. ही तूट ती स्वतःच्या अंगावरची चरबी जाळून भरते. जीव जगवणं आणि वासरासाठी दूध देणं हे तिचं शरीर आधी सांभाळतं, पुढच्या गर्भाचा विचार शेवटी. तूट मोठी असली की बीज पिकवण्याचा मेंदूकडून जाणारा संकेत मंदावतो. बीज वाढत नाही, वाढलं तर फुटत नाही, आणि फुटून गर्भ राहिला तरी तो धरून ठेवण्याइतकं प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही.

दुसरं असं की जास्त खाणाऱ्या, जास्त दूध देणाऱ्या गाईच्या यकृतातून रक्तही जास्त वाहतं. संप्रेरकं तिथे भराभर मोडली जातात, म्हणून तिचा माज आखूड आणि मुका, म्हणजे बाहेरून फारसा न दिसणारा असतो. म्हशीसारखा मुका माज गाईलाही असतो हे अनेकांना पटत नाही, पण रात्री दोन वाजता उठून बघितलं की पटतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: बीज अंडाशयात पिकायला अडीच-तीन महिने घेतं. नव्वदाव्या दिवशी भरवलेल्या गाईचं बीज तिच्या व्यायच्या सुमारास वाढीला लागलेलं असतं. त्या दिवसांत तिची गव्हाण कशी होती, त्यावर आजचा निकाल ठरतो.

तपासणी १: वही आणि वेळ

खर्च काही नाही. खाण्याला दोष देण्याआधी भरवायची वेळ बरोबर होती का ते बघा, कारण वेळ चुकली तर सोन्याची पेंड घालूनही गाय उलटणारच.

माज १२ ते १८ तासांचा, जास्त दुधाच्या गाईत त्याहून आखूड. दुसरी गाय अंगावर चढली तरी जी हलत नाही, ती खरी माजावर. बीज माज संपल्यानंतर साधारण दहा-बारा तासांनी सुटतं. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर. सकाळी धारेच्या वेळी नुसता सोट दिसला म्हणजे माज तेव्हाच सुरू झाला असं धरू नका. तो रात्रीचाही असू शकतो.

कालवडी व्हाव्यात म्हणून लिंगनिर्धारित कांडी वापरत असाल तर गाभण राहण्याचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा कमी असतं. उलटणाऱ्या गाईला ती भरूच नका. आधी साध्या कांडीने गाभण राहू द्या.

व्याल्याची तारीख, प्रत्येक माजाची तारीख आणि वेळ, भरवलं कधी, कांडी कोणती, सोट कसा होता, एवढं वहीत हवं. वही नसेल तर आजपासून सुरू करा. मोबाइलवर लिहिलं तरी चालेल, पण लिहा.

तपासणी २: पाणी

वीस लिटरच्या गाईला दिवसाला ८० ते १०० लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दिवसातून दोनदा बादली दाखवून ही गरज भागत नाही. पाणी कमी पडलं की वैरण कमी खाल्ली जाते, मग वरची सगळी तूट वाढते. टाकीला शेवाळ असेल तर आजच घासा.

तपासणी ३: ताणकाटा आणा आणि मोजा

दोन-अडीचशे रुपयांचा ताणकाटा घ्या. याने जितके गोठे सुधारलेले मी पाहिले तितके कुठल्याच औषधाने नाही.

आमच्या वस्तीवरच्या एका वहिनींची गाय चौथ्यांदा उलटली. वीस लिटर दूध आणि खुराक, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, आठ किलो. घमेलं भरून गोळी पेंड म्हणजे दोन किलो, दिवसाला चार घमेली. मी घमेलं काट्याला अडकवलं. रिकाम्या घमेल्याचं वजन वजा जाता पेंड १ किलो ४०० ग्रॅम भरली. आठ किलोऐवजी गाईच्या पोटात ५ किलो ६०० ग्रॅम जात होती, तीही गेली दोन वर्षं. लिटरमागे ४०० ग्रॅम खुराक हा आपला हिशेब, त्या मापाने सहा लिटर दुधाचा खुराक रोज कमी. वहिनी कितीतरी वेळ त्या घमेल्याकडे बघत राहिल्या. गाईला कमी घालायचं त्यांच्या मनातही नव्हतं. घमेलं बदललं तेव्हा पुन्हा मोजायचं राहून गेलं, एवढंच.

वैरणही मोजा. साडेचारशे किलो वजनाच्या, वीस लिटर देणाऱ्या गाईला दिवसाला १४ ते १५ किलो कोरडा पदार्थ लागतो. पाणी वजा करून उरतं ते, असं समजा. हिरव्या मक्यात तो शंभराला साधारण वीस, मुरघासात (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यात) तीस, कडब्यात आणि पेंडीत नव्वद. म्हणजे १५ किलो हिरवा मका घातला तर खरं पोटात गेलं ३ किलो. त्यावर ४ किलो कडबा कुट्टी, म्हणजे ३ किलो ६०० ग्रॅम. पेंड ६ किलो, म्हणजे ५ किलो ४०० ग्रॅम. बेरीज १२. गव्हाण भरलेली दिसते आणि गाय रोज दोन-तीन किलोंनी उपाशी राहते. पावसाळ्यात कोवळा, पाणचट चारा असतो तेव्हा हे हमखास होतं.

कमी पडतंय म्हणून लगेच पेंडच वाढवू नका. आधी चांगला मुरघास किंवा वैरण वाढवा. खुराक वाढवायचाच असेल तर दर दोन-तीन दिवसांनी अर्धा किलो, आणि एका वेळी दोन-अडीच किलोंच्या वर नको. दोनऐवजी तीन-चार वेळा विभागून घाला.

तपासणी ४: गव्हाणीत उरतं काय, रवंथ किती, शेण कसं

हे दुपारी अडीच-तीनला करायचं, गाई बसलेल्या असतात तेव्हा. एका बाजूला शांत बसा. बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करताना दिसायला हव्यात. एका घासाला किती वेळा चावते ते मोजा: पन्नास ते साठ वेळा असेल तर ठीक, चाळीसच्या खाली येत असेल तर वैरणीत तंतू कमी आहे किंवा कुट्टी फार बारीक आहे.

मागच्या वर्षी आमची तारा दुसऱ्यांदा उलटली तेव्हा मी गव्हाणीतलं उरलेलं हातात घेऊन बघितलं. मक्याची ताटं, तीही बोटभर लांब, धुऊन ठेवल्यासारखी स्वच्छ. ती तोंडाने ढकलून खालची पेंड आणि पानं तेवढी वेचून खात होती. मी घालत होते संतुलित आणि ती खात होती नुसती पेंड. पोटात आम्ल वाढलं, शेण सैल झालं, त्यात मक्याचे अख्खे दाणे दिसायला लागले. आम्ल वाढलं की पोटातले जिवाणू मरतात, खाल्लेलं अंगी लागत नाही, खुरं दुखतात. खुरं दुखणारी गाय माजावर असली तरी चढत नाही आणि दुसरीला चढूही देत नाही, म्हणून माज कळत नाही.

उपाय साधा होता: कुट्टी इंचभर ठेवली, पेंड वेगळी न घालता मुरघासात कालवून थोडं पाणी शिंपडलं, म्हणजे वेचून खाता येत नाही. आठ दिवसांत शेण बसलं. शेण पायाखाली पडल्यावर दोन-तीन वळ्यांचा, मधे खळगा असलेला ढीग व्हावा, पसरू नये आणि गोळ्याही होऊ नयेत.

तपासणी ५: दूध केंद्राची पावती

ही पावती आपण फक्त पैशांसाठी बघतो. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) हा दराचा पाया सगळ्यांना पाठ असतो, पण हेच आकडे गाईच्या पोटातलंही सांगतात. मात्र दूध गाईवार तपासायला हवं. केंद्रावर विनंती केली तर एकेका गाईचा नमुना लावून देतात.

व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत फॅट अचानक पाच-साडेपाचवर गेलं आणि गाय वाळत चालली, तर खूश होऊ नका. ती अंगावरची चरबी दुधात उतरवते आहे. जोडीला पेंड सोडते, वैरण खाते, तोंडाला गोडसर, नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास येतो, तर तो किटोसिस. डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. उलट फॅट तीनच्या खाली गेलं तर पोटात आम्ल वाढलंय, तपासणी ४ पुन्हा करा. एसएनएफ बराच काळ खाली असेल तर बहुधा ऊर्जा कमी पडते आहे.

तपासणी ६: अंग बघा, आणि भाकडकाळापासून बघा

गाईच्या मागे उभं राहा. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंचे खड्डे, खुब्यांची हाडं, कमरेची टोकं हाताने चाचपा. १ ते ५ गुण द्यायचे: १ म्हणजे सांगाडा, ५ म्हणजे हाड हाताला लागतच नाही. व्यायच्या वेळी गाय तीन ते साडेतीनवर असावी. व्याल्यानंतर अर्ध्या गुणापेक्षा जास्त उतरू नये.

अर्धा गुण ऐकायला थोडा वाटतो. बटलर आणि स्मिथ यांनी १९८९ साली मांडलेले आकडे मी दर वेळी सांगते: व्याल्यावर अर्ध्या गुणापेक्षा कमी उतरलेल्या गाईंत पहिल्याच रेतनाला शंभरात ६५ गाभण राहिल्या. अर्धा ते एक गुण उतरलेल्यांत ५३. एकापेक्षा जास्त गुण उतरलेल्यांत फक्त १७. त्या गाई अमेरिकेतल्या, पण एचएफ तीच आणि तूटही तीच.

म्हणून गाभणकाळाचे शेवटचे दोन महिने वाया घालवू नका. साठ दिवस आधी गाय आटवा. आटलेल्या गाईला "आता दूध नाही, नुसता कडबा टाक" असं अनेक घरांत होतं. दुसरीकडे काही जण तिला खाऊ घालून ढोल करतात. दोन्ही वाईट. जास्त लठ्ठ गाय व्याल्यावर खातच नाही, तिची चरबी भसाभस उतरते आणि यकृतात साचते. व्यायच्या तीन आठवडे आधी एक किलो खुराक सुरू करून हळूहळू अडीच-तीन किलोंपर्यंत न्या, म्हणजे पोटातल्या जिवाणूंना नव्या खुराकाची सवय होते. या तीन आठवड्यांत लसूणघास आणि कॅल्शियमची पावडर भरपूर घालू नका. वरून सहज मिळायला लागलं की हाडांतून कॅल्शियम काढायची तिच्या शरीराची सवय मोडते, आणि व्याल्यावर दुधाला एकदम लागतं तेव्हा गाय खाली बसते. कॅल्शियम कमी असलेल्या गाईची वार अडकते, गर्भाशय ढिलं राहतं, आणि तिथून उलटण्याची साखळी सुरू होते.

तपासणी ७: फुकट मिळतंय म्हणून काय घालतो

नाशिक जिल्ह्यात हा भाग फार मोठा आहे. शेतात माल भरपूर, भाव पडला की सगळा गोठ्यात येतो.

कांदा: चाळीतला निवडून काढलेला गोल्टी आणि सडका कांदा गाई आवडीने खातात. जनावरांमध्ये कांद्याचा त्रास गाईलाच सगळ्यात जास्त होतो. त्यातल्या गंधकाच्या घटकांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लघवी लालसर किंवा चहासारखी काळपट झाली तर कांदा लगेच बंद करा आणि डॉक्टरांना बोलवा. एवढं टोकाला न जाताही रक्त कमी झालेली गाय गाभण राहायला अवघडच जाते. आमच्या गोठ्यात मी कांदा घालतच नाही.

कोबी, फ्लॉवरची पानं: थोडी चालतात. रोज पोतंभर घातली तर आयोडीन शरीराला लागत नाही, आणि आयोडीनची कमतरता माज मुका करते. शिवाय ती पाणचट, पोट भरतं पण कोरडा पदार्थ जात नाही.

द्राक्षाचा पाला: एप्रिलच्या खरड छाटणीत आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत ढीगच्या ढीग निघतो. त्यावर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) आणि बाकीच्या फवारण्या असतात. बागायतदाराला शेवटची फवारणी कधी आणि कशाची, हे विचारल्याशिवाय उचलू नका.

उसाचं वाढं आणि नेपियर: दोन्हींत ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. गोदाकाठच्या गोठ्यांत महिनोन् महिने नुसतं वाढंच असतं. एकट्यावर भिस्त ठेवू नका. इगतपुरी-त्र्यंबककडच्या भाताच्या पेंढ्याचीही तीच गत, त्यात फॉस्फरसही कमी.

बुरशी: हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षलेलं. मुरघासाची बॅग फाटली की कोपऱ्यात पांढरी-निळी बुरशी धरते. "थोडीच आहे, गाय खाऊन टाकेल" असं म्हणू नका. बुरशी लागलेल्या मक्यात झिअरालेनोन नावाचं विष तयार होऊ शकतं, ते शरीरात माजाच्या संप्रेरकासारखं वागतं. गाभण गाय माज दाखवते, कालवडींची कास वेळेआधी सुटते. पावसात भिजलेल्या सरकी पेंडीत अफ्लाटॉक्सिन, ते यकृत बिघडवतं आणि दुधातही उतरतं. ते दूध आपलीच लेकरं पितात. बुरशीचा भाग हातभर बाजूच्या मुरघासासकट फेकून द्या. जीव हळहळतो, पण फेका.

तपासणी ८: प्रथिनं जास्त तर होत नाहीत?

घास, सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, वर युरिया असलेली गोळी पेंड: सगळं "ताकदीचं" म्हणून एकाच गाईला. पोटात अमोनिया जास्त तयार होतो, यकृत त्याचा युरिया करतं आणि त्यासाठी ऊर्जा खर्च करतं, म्हणजे आधीच असलेली तूट आणखी वाढते. रक्तातला हा युरिया गर्भाशयातही पोचतो, तिथली आम्लता बदलते आणि सात-आठ दिवसांचा कोवळा गर्भ तग धरत नाही. गाय एकविसाव्या दिवशी अगदी नियमाने उलटते आणि डॉक्टरांच्या हाताला काहीच सापडत नाही.

ओळखायचं कसं: शेण पातळ आणि उग्र वासाचं, गोठ्यात डोळे चुरचुरतात, दूध भरपूर पण गाय वाळते. काही दूध संघांच्या प्रयोगशाळेत दुधातला युरिया नायट्रोजन तपासून मिळतो. तो डेसिलिटरला १० ते १६ मिलिग्रॅम असावा, १९ च्या वर गेला तर गाभण राहण्याचं प्रमाण घटतं. उपाय म्हणजे प्रथिनं थोडी कमी आणि मक्याचा भरडा थोडा जास्त, म्हणजे अमोनिया वापरायला जिवाणूंना ऊर्जा मिळते. घरचं कच्चं सोयाबीन भरडून घालत असाल तर त्यासोबत युरियाची कुठलीही वस्तू नको. कच्च्या सोयाबीनमधला युरिएज युरियाचा झटकन अमोनिया करतो, त्याने विषबाधा होऊ शकते.

तपासणी ९: खनिज मिश्रण आणि मीठ

"देतो की" असं सगळेच म्हणतात. मी विचारते, पिशवी कधी आणली? पाच किलोंची पिशवी चार गाईंना चार महिने पुरली असेल तर गाईला दिवसाला जेमतेम दहा ग्रॅम मिळालं. गरज रोज किमान ५० ग्रॅमची, जास्त दुधाच्या गाईला शंभरच्या आसपास. पिशवीवरचं प्रमाण वाचा. मीठ ३० ते ५० ग्रॅम वेगळं.

तांबं, जस्त, मँगनीज, सेलेनियम, आयोडीन, कोबाल्ट हे सगळे चिमूटभर लागतात, पण ते नसले तर माज, बीज, वार पडणं सगळं अडतं. माती-दोर चघळणाऱ्या गाईला फॉस्फरसची उणीव असू शकते. गव्हाचा कोंडा त्यात चांगला. दुप्पट घातलं तर दुप्पट गुण येत नाही, सेलेनियम तर जास्त झालं की विष ठरतं. आणि उन्हाळ्यात नुसत्या जुन्या कडब्यावर असलेल्या गाईला अ जीवनसत्त्व कमी पडतं, रोज थोडी तरी हिरवी वैरण मिळालीच पाहिजे.

तपासणी १०: ऊन

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. एचएफ गाय धापा टाकते, खाणं कमी करते, भरवल्यानंतरचे पहिले काही दिवस गर्भ उष्णतेने जातो. वैरणीचा मोठा वाटा रात्री आणि पहाटे घाला, फॉगर नसेल तर पाठीवर पाणी मारून पंखा लावा. गाय निफाडच्या डिसेंबरातल्या थंडीतही उलटत असेल, तर मात्र उन्हाला दोष देता येणार नाही.

इथून पुढे पैसे लागतात

बायपास फॅट (पहिल्या पोटात न विरघळता पुढे जाऊन पचणारी चरबी): नुकत्याच व्यालेल्या, वाळणाऱ्या गाईला दिवसाला १०० ते २०० ग्रॅम. महाग आहे, पण पोटात आम्ल न वाढवता ऊर्जा देतं. व्याल्यापासून नव्वद दिवस द्या, गाय चार वेळा उलटल्यावर सुरू करून उशीर होतो. एनडीडीबीच्या (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या) पशु पोषण ॲपमध्ये आपल्याकडचा चारा टाकून संतुलित आहाराचा हिशेब मिळतो, तो फुकट आहे. त्यानंतरची पायरी म्हणजे मुरघासाची आणि पेंडीची प्रयोगशाळेत तपासणी, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर रक्ताची.

थांबा आणि डॉक्टरांना बोलवा

तीनदा उलटली की चौथ्यांदा भरवण्याआधी पशुवैद्यकाकडून गर्भाशय आणि अंडाशय तपासून घ्या. गाठ, सुप्त संसर्ग किंवा बंद नळी आपल्याला गव्हाणीतून कळणार नाही.

साठ-सत्तर दिवसांत माज नाही: तपासणी. वार चोवीस तासांत पडली नाही: हाताने ओढू नका, वजनासाठी वारेला दगड बांधू नका. व्याल्यावर गाय उठत नाही, कान गार: तासाभरात डॉक्टर हवेत.

गाय गाभडली, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तर उघड्या हाताने वासरू, वार, सोट कशालाच स्पर्श करू नका. गाय गाभडायला लावणारा ब्रुसेलोसिस हा संसर्ग माणसालाही होतो. ते पुरायला द्या, गाय वेगळी बांधा, रक्त तपासा. गोठ्यातल्या चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस आहे, ती पशुवैद्यकाकडून टोचून घ्या.

माजावर आणायचं इंजेक्शन मेडिकलमधून आणून स्वतः देऊ नका. मी हे कळवळून सांगते. मुका माज सुटला असं समजून दिलं आणि गाय आधीच गाभण असली तर त्याच इंजेक्शनने गर्भ पडतो. आमच्या ओळखीच्या एका घरात हे झालं. अडीच महिन्यांचा गर्भ गेला आणि "गाय माजावर आली" म्हणून सगळे आधी खूश झाले होते.

एकाच वेळी तीन-चार गाई उलटत असतील तर एकेकीवर उपचार करत बसू नका. पशुवैद्यक आणि आहाराचा जाणकार दोघांनाही गोठ्यावर बोलवा. जवळ दवाखाना नसेल तर १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

डॉक्टर येतील तेव्हा वही, दूध केंद्राच्या पावत्या, खनिज मिश्रणाची पिशवी आणि मूठभर मुरघास एका कागदावर काढून ठेवा. "काही नाही हो, सगळं व्यवस्थित खाते" असं म्हणालात तर त्यांनाही अंदाजानेच औषध द्यावं लागतं.

एका वेळी एकच बदल करा आणि त्याला वेळ द्या. पोटातल्या जिवाणूंना नव्या खुराकाला जुळवून घ्यायला दोन-तीन आठवडे लागतात, बीजाला अडीच-तीन महिने. मधे स्वच्छ सोटाचा माज आला तर भरवा, पण ती कांडी उलटली म्हणून नवा खुराक बंद करू नका. ताराची कुट्टी बदलली तो दिवस १२ जानेवारी. त्या ओळीपुढे मी लगेच १२ एप्रिल लिहून गोल केला होता. फेब्रुवारीत ती पुन्हा उलटली, घरात सगळे वैतागले, आणि मी फक्त त्या गोलाकडे बोट दाखवलं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे माज दिसला, संध्याकाळी भरवली. जूनअखेरीस डॉक्टरांनी हात घालून गाभण सांगितली.